पाठभेदांची वंशावळ आणि 'गिट'च्या आज्ञा : संहिताभ्यासाच्या दृष्टीने एक विवेचन

'पाठांतर' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक, तोंडपाठ करणे. दुसरा, एकाच संहितेचा निराळा पाठ. पहिल्यातून दुसरे कसे निपजते, हे संतसाहित्याच्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही. संहिता जितक्या हातांतून आणि मुखांतून जाते तितकी ती बदलते, आणि बदल करणारा त्या बदलाची नोंद सहसा ठेवीत नाही. न ठेवलेल्या या नोंदीची भरपाई करण्यासाठीच पाठचिकित्सेचे शास्त्र उभे राहिले. गेल्या अर्धशतकात संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांसमोर हाच प्रश्न वेगळ्या वेशात आला आणि त्यांनी तो उलट्या बाजूने सोडविला : बदल झाल्यानंतर त्याचा माग काढीत बसण्याऐवजी, बदल होतानाच त्याची नोंद करणारे साधन त्यांनी घडविले. अशा साधनांना आवृत्ती-नियंत्रण प्रणाली म्हणतात. त्यांपैकी आज सर्वाधिक वापरात असलेल्या 'गिट' या प्रणालीतील नित्याच्या आज्ञांचा अर्थ संहिताभ्यासाच्या परिभाषेत उलगडून दाखविणे, आणि ही परिभाषा कोठे पुरते व कोठे अपुरी पडते हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दिल्लीच्या नैऋत्येस वसलेल्या द्वारका या उपनगरात सेक्टर ३ मध्ये नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठ आणि सेक्टर १६-सी मध्ये गुरू गोबिंद सिंह इंद्रप्रस्थ विद्यापीठ आहे. अशा संस्थांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या, किंवा द्वारकेतून मेट्रोने नोएडाला सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी जाणाऱ्या रहिवाशाच्या हाताला या आज्ञा इतक्या सरावाच्या असतात की त्यांमागील कल्पनांकडे त्याचे लक्षही जात नाही. याच शहरातील साहित्याच्या संशोधकाच्या संगणकात मात्र 'प्रबंध-अंतिम', 'प्रबंध-अंतिम-२', 'प्रबंध-अंतिम-खरा' अशा नावांच्या फायली एकमेकींशेजारी नांदत असतात. ही नावे विनोदी वाटली तरी वस्तुतः ती एका पाठपरंपरेची नावे आहेत. फक्त त्या परंपरेची वंशावळ कोणापाशी नाही. पाठभेदांचे शास्त्र ज्याला अवगत आहे त्याच्या हाती साधन नाही, आणि साधन ज्याच्या हाती आहे त्याला शास्त्राची वार्ता नाही, अशी ही काहीशी विचित्र स्थिती आहे.

या साधनांचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येईल. १९७२ साली बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी 'एससीसीएस' ही प्रणाली रचली. १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांची 'आरसीएस' आली. डिक ग्रून यांच्या 'सीव्हीएस'ने १९८६ पासून अनेकांना एकाच वेळी एका संहितेवर काम करण्याची सोय दिली. या पिढ्यांतील प्रणालींत, आणि पुढे आलेल्या 'सबव्हर्जन'मध्येही, बदलांचा इतिहास एका मध्यवर्ती ठिकाणी राही. 'लिनक्स'च्या गाभ्यावर काम करणारी मंडळी २००२ पासून 'बिटकीपर' ही खाजगी मालकीची प्रणाली विनामूल्य वापरीत होती. २००५ मध्ये ती सवलत काढून घेण्यात आली, आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये काही दिवसांतच 'गिट'चा पाया रचला. जुलै २००५ पासून तिची देखभाल जुनियो हमानो यांच्याकडे आली. पुढील विवेचनात आज्ञा नागरीत उच्चारानुसार दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत टंकित कराव्या लागतात.

नोंद आणि पुष्पिका

'गिट इनिट' या आज्ञेने एखाद्या फोल्डरचे भांडार होते, म्हणजे त्यातील संहितांचा इतिहास ठेवण्याची व्यवस्था सुरू होते. येथून पुढे संहितेच्या तीन अवस्था मानल्या जातात. पहिली, डोळ्यांसमोरची कामाची प्रत. तिच्यात कितीही खाडाखोड झाली तरी भांडाराला तिचे सोयरसुतक नसते. 'गिट अ‍ॅड' या आज्ञेने त्या खाडाखोडीतील निवडक भाग दुसऱ्या, प्रतीक्षेच्या अवस्थेत जातो. 'गिट कमिट' या आज्ञेने तो नोंदीत कायम होतो. मधली अवस्था नवख्या माणसाला अनावश्यक वाटते. पण सकाळभर बसून संपादकाने एकीकडे शुद्धलेखन दुरुस्त केले असेल आणि दुसरीकडे एका ओवीचा पाठ बदलला असेल, तर या दोन वेगळ्या स्वरूपाच्या कृती आहेत आणि त्या दोन वेगळ्या नोंदींत जाणे इष्ट आहे. 'अ‍ॅड'ला 'पी' हा पर्याय जोडला असता प्रणाली एकेक बदल समोर धरून 'हा घ्यावयाचा काय?' असे विचारते. कोणत्या अवस्थेत काय आहे हे 'गिट स्टेटस' सांगते.

कमिट म्हणजे काय, हे पोथ्या हाताळलेल्या अभ्यासकाला पुष्पिकेच्या दृष्टान्ताने चटकन कळेल. पोथीच्या शेवटी लेखक आपले नाव, शक, संवत्सर, तिथी, स्थळ आणि क्वचित लेखनाचे प्रयोजनही नोंदवितो. कमिटमध्येही नाव, दिनांक, वेळ आणि एक संदेश असतो. इतकेच नव्हे, तर बदल कोणी केला आणि तो भांडारात कोणी नोंदविला ही दोन नावे येथे स्वतंत्रपणे ठेवली जातात. ग्रंथकर्ता आणि लिपिकार हा आपल्याकडील जुना भेद या यंत्रव्यवस्थेत असा अनपेक्षितपणे जिवंत राहिला आहे. याशिवाय प्रत्येक कमिटमध्ये त्या क्षणाच्या संपूर्ण संहितेचा निर्देश असतो, केवळ फरकाचा नव्हे. आणि असतो तो आपल्या आधीच्या कमिटचा, म्हणजे जनकाचा, निर्देश. या सर्व मजकुरावरून गणिताने ४० चिन्हांची एक ओळख काढली जाते. मागच्या नोंदीतील एक काना जरी बदलला तरी तिची आणि तिच्यानंतरच्या सर्व नोंदींची ओळख बदलते. म्हणून इतिहासात मागे जाऊन गुपचूप फेरफार करणे अशक्य नसले तरी, ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याच्यापासून ते लपत नाही.

नावाविषयी मात्र सावध राहावयास हवे. कमिटवर कोणाचे नाव पडावे हे लिहिणाराच आपल्या संगणकात ठरवून ठेवतो. स्वाक्षरीची वेगळी व्यवस्था केली नसेल तर ते नाव पडताळले जात नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीची रचना मिसळली गेली, ती नाममुद्रेवर विसंबल्यामुळेच. कमिटवरील नाव हीदेखील नाममुद्राच होय, आणि तिच्या प्रामाण्याची चर्चा तितक्याच काटेकोरपणे करणे आवश्यक आहे.

'गिट लॉग' या नोंदी उलट कालक्रमाने दाखविते. येथे संदेशाचे महत्त्व कळते. पैठण येथे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे जे संशोधन केले त्याचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. मूळ ग्रंथ शके १२१२ चा. मध्ये २९४ वर्षे लोटलेली. एकनाथांनी आपल्या प्रतीच्या शेवटी शक, संवत्सर, मास, तिथी आणि स्थळ दिले आहे. ग्रंथ मुळात शुद्ध असून पाठांतरामुळे अबद्ध झाला होता, म्हणून तो शोधून सिद्ध केला, असे कारणही दिले आहे. या पाठात स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे होय, असा इशाराही आहे. कमिटसंदेश म्हणून पाहता याहून नेटका संदेश मिळणे कठीण. परंतु ज्या प्रतींवरून त्यांनी पाठ ठरविला त्या कोणत्या, कोणत्या ओव्या गाळल्या, कोणते शब्द बदलले, याची यादी मात्र नाही. संदेश आहे, फरक नाही. एकनाथांपुढे पाठशुद्धीचे धार्मिक प्रयोजन होते आणि ते त्यांनी साधले. पण त्यामुळे एकनाथपूर्व ज्ञानेश्वरी हा मराठी पाठचिकित्सेतील कायमचा प्रश्न होऊन बसला. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून जी प्रत छापली तिच्याविषयीचा वादही त्याच उणिवेतून उद्भवतो, आणि ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांच्या हाती न राहिल्यामुळे तो मिटण्याचा मार्गही अरुंद झाला.

फरक कशाचा?

दोन अवस्थांतील भेद दाखविणारी आज्ञा 'गिट डिफ'. वजाचिन्हाने जुनी ओळ, अधिकचिन्हाने नवी. पाहताक्षणी हे पाठभेदांच्या तळटीपेसारखे दिसते, पण तुलनेचे एकक निराळे आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जे तुलनापत्रक वापरीत त्यावर उभ्याआडव्या रेघांनी चौकटी आखलेल्या असत. प्रचलित पाठातील श्लोक एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे वर लिहून त्याखाली प्रत्येक हस्तलिखितातील भेद नोंदविला जाई. तेथे एकक अक्षर हे होते. गिटचे एकक ओळ हे आहे, कारण आज्ञावली ओळींत लिहिली जाते. परिणाम असा की, मराठी गद्याचा दहा वाक्यांचा परिच्छेद एकाच ओळीत टंकित केला असेल आणि त्यात एक अनुस्वार बदलला, तर संपूर्ण परिच्छेद बदलला असे दाखविले जाते. 'वर्ड-डिफ' हा पर्याय जोडल्यास शब्दागणिक भेद दिसतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे संहिताच तुलनेला सोयीची लिहावी : गद्यात प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, ओवीत प्रत्येक चरण नव्या ओळीवर.

देवनागरीच्या संदर्भात आणखी एक अडचण आहे, आणि ती मराठी अभ्यासकाने स्वतःच समजून घ्यावयाची आहे; इंग्रजी मार्गदर्शिकांत ती सापडत नाही. 'दऱ्या' किंवा 'वाऱ्यावर' या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात 'ऱ' हे युनिकोडमधील स्वतंत्र चिन्ह आणि त्यापुढे हलन्तचिन्ह येते. दुसऱ्यात साधा 'र', हलन्तचिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर व कागदावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात. यंत्राला मात्र ती दोन भिन्न अक्षरमालिका म्हणून कळतात, आणि युनिकोडची प्रमाणीकरणाची नेहमीची प्रक्रियाही त्यांना एक करीत नाही. म्हणजे माणसाला न दिसणारा पाठभेद यंत्र दाखविते. याच्या उलट, 'ल' आणि 'श' यांची मराठी व हिंदी वळणे वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळण प्रमाण ठरविले. पण हा भेद टंकाच्या आकृतीत राहतो, संकेतांकात नाही. दिल्लीत छापलेल्या आणि पुण्यात छापलेल्या पुस्तकांत डोळ्यांना जाणवणारा हा भेद यंत्राला शून्य आहे. युनिकोडपूर्व टंकांत अक्षरजुळणी झालेल्या संहिता तर भांडारात घेण्याआधी रूपांतरित कराव्याच लागतात. अन्यथा फरक म्हणून रोमन अक्षरांचा अर्थहीन पुंजका समोर येतो. वर्ड-प्रोसेसरच्या फायलींचीही गत फारशी वेगळी नाही. गिटला साधा मजकूर मानवतो.

वॉल्टर ग्रेग यांनी १९५०-५१ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अर्थाला स्पर्श करणारे भेद आणि लेखनरूपापुरते भेद असा विवेक केला. मराठीत हा विवेक विशेष निकडीचा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनविषयक नियम लागू झाल्यानंतर व्युत्पत्तिनिष्ठ, अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या आणि नंतरच्या आवृत्त्या 'डिफ'ला दिल्या तर जवळजवळ प्रत्येक ओळ बदललेली दिसेल, आणि त्या गर्दीत लेखकाने खरोखर बदललेले वाक्य हरवून जाईल. म्हणून आधी केवळ अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घाचे आधुनिकीकरण एका कमिटमध्ये, आणि मग उरलेले भेद दुसऱ्या कमिटमध्ये, असा क्रम ठेवावा. ग्रेग यांचा विवेक यंत्र करीत नाही; पण संपादकाने तो केला असेल तर तो जपून ठेवते.

या ओघात नामांतराचाही उल्लेख करावयास हवा. फायलीचे नाव 'गिट एमव्ही' या आज्ञेने बदलता येते, परंतु 'नाव बदलले' अशी वेगळी नोंद गिट ठेवीत नाही. जुन्या नावाची फाईल नाहीशी झाली आणि नव्या नावाची आली इतकेच तिला ठाऊक असते; दोहोंतील मजकूर पुरेसा सारखा आढळल्यास ते एकच असावे असा तर्क ती मागाहून करते. द्वारका हे उपनगर नियोजनाच्या काळात तेथील पप्पनकलां या गावाच्या नावाने ओळखले जात असे. जुन्या कागदांतील पप्पनकलां आणि आजची द्वारका एक आहेत हे इतिहासकार ज्या रीतीने ठरवील, साधारण त्याच रीतीने, म्हणजे आतल्या ऐवजावरून, गिटही ठरविते.

शाखा, संगम आणि संकर

'गिट ब्रँच' नवी शाखा काढते आणि 'गिट स्विच' त्या शाखेवर नेते. ('स्विच' ही आज्ञा २०१९ मध्ये आली, जुन्या पुस्तकांत याच कामासाठी 'चेकआउट' आढळते.) शाखा म्हणजे संहितेची दुसरी प्रत नव्हे. ती एका कमिटवर लावलेली नावाची चिठ्ठी असते, आणि नवी नोंद झाली की पुढे सरकते. समजा, एका मराठी संहितेच्या संपादनाचे काम द्वारकेतील एक संशोधक, पुण्यातील दुसरा आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखिते पाहणारा तिसरा असे तिघे करीत आहेत. 'गिट क्लोन'ने प्रत्येकाकडे संहिताच नव्हे तर तिचा संपूर्ण इतिहास येतो. 'गिट फेच' इतरांच्या नव्या नोंदी आणते पण आपल्या प्रतीला हात लावीत नाही. 'गिट पुल' त्या आणून मिसळते. 'गिट पुश' आपल्या नोंदी सामायिक भांडारात पाठविते. सरावाच्या अभावी पुष्कळजण 'पुल'च वापरतात. संपादनकार्यात आधी आणावे, वाचावे आणि मग मिसळावे, हे अधिक श्रेयस्कर.

मध्यवर्ती मूळ प्रत नसणे ही येथील मोठी गोष्ट. महानुभाव परंपरेनुसार लीळाचरित्राची मूळ प्रत आक्रमणाच्या धामधुमीत गेली आणि शिष्यांच्या स्मरणातून ते पुन्हा सिद्ध करावे लागले. त्यातूनच त्याचे अनेक पाठ झाले, आणि हिराइसा पाठासारखे काही पाठ ज्यांच्या स्मरणातून आले त्यांच्या नावाने ओळखले गेले. प्रत्येक प्रतीत संपूर्ण इतिहास असता तर एक प्रत जाण्याने काही गेले नसते. पण त्याबरोबर हेही खरे की, ज्या प्रतीला मूळ म्हणून वंदन करावे अशी प्रतच मग उरत नाही. गिटमधील 'ओरिजिन' हे नाव निव्वळ संकेताचे आहे.

शाखा एकत्र आणणारी आज्ञा 'गिट मर्ज'. पाठचिकित्सेशी हिचे नाते सर्वांत जवळचे आणि सर्वांत फसवे आहे. दोन शाखा मिसळताना गिट त्या दोघींचा निकटतम सामायिक पूर्वज शोधते आणि तिघांची तुलना करते. पूर्वजाच्या तुलनेत एकाच शाखेत बदल झाला असेल तर तो बदल स्वीकारला जातो. एकाच जागी दोन्ही शाखांत वेगवेगळे बदल असतील तर यंत्र थांबते, दोन्ही पाठ कोनी चिन्हांच्या कुंपणात शेजारी मांडते आणि निर्णय माणसावर सोपविते. यंत्राला जे जमते ते पूर्वज हाताशी असल्यामुळे जमते. पाठचिकित्सकाजवळ नेमका तोच नसतो. वि. स. सुखटणकर १९२५ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रधान संपादक झाले. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले. संपूर्ण कार्य १९६६ मध्ये सिद्धीस गेले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग झाला असे सांगितले जाते. औत्तराह आणि दाक्षिणात्य या शाखा समोर होत्या. त्यांचा सामायिक पूर्वज अनुमानानेच गाठावयाचा होता. गिटमध्ये जे गृहीत आहे ते तेथे सत्तेचाळीस वर्षांच्या परिश्रमाचे साध्य होते.

यापुढचा प्रश्न संकराचा. वंशवृक्षाची पद्धत प्रत्येक प्रतीला एकच जनक असतो असे मानून चालते. लिपिकाराने दोन पोथ्या समोर ठेवून पाठ निवडले की वृक्षाचे जाळे होते. संकरावर अद्याप औषध सापडलेले नाही, असा निर्वाळा पाउल मास यांनी १९२७ मध्ये दिला होता. महाभारताचा टीकाकार नीलकंठ चतुर्धर हा गोदातीरीच्या कोपरगावचा, काशीत स्थायिक झालेला मराठी पंडित. सतराव्या शतकात त्याने निरनिराळ्या प्रदेशांतील प्रती जमवून त्यांतील उत्तम पाठ निवडले, असे तो स्वतःच सांगतो. कोणता पाठ कोणत्या प्रतीतून घेतला हे मात्र सांगत नाही. मर्जमधून होणाऱ्या कमिटला दोन जनक असतात आणि दोन्ही नोंदविले जातात. संकर येथे टळत नाही, पण तो प्रच्छन्नही राहत नाही. मास यांना हवे असलेले औषध ते हेच, असे म्हणावयास हरकत नाही. फक्त ते रोग होण्याआधी घ्यावे लागते.

एक उणीव मात्र मोठी आहे. चिकित्सक आवृत्तीत ज्या पाठाविषयी संपादकाची खात्री नाही त्याखाली नागमोडी रेघ दिली आहे. महाभारताच्या त्या आवृत्तीतील ही बहुधा सर्वांत प्रामाणिक खूण असावी. गिटजवळ अशी खूण नाही. कुंपणातील दोन पाठांपैकी एक ठरवून, कुंपण मोडूनच पुढे जावे लागते. संशय व्यक्त करावयाचा तर तो संदेशात, किंवा संहितेतच संपादकाने ठरविलेल्या एखाद्या चिन्हाने. आज्ञावलीला संशयाचे वावडे असते, कारण ती चालवावयाची असते. साहित्यकृती चालवावयाची नसते. शिवाय यंत्राने विनातक्रार मिसळलेले नेहमी सुसंगतच असते असेही नाही. एकाने पहिल्या प्रकरणात पात्राचे नाव बदलले आणि दुसऱ्याने पाचव्यात जुन्या नावाने एक वाक्य वाढविले, तर ओळी भिन्न असल्याने यंत्राला काहीच खटकत नाही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने शाखेची ही कल्पना कोठवर ताणावी, याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. एकनाथांचे भावार्थरामायण ही वाल्मीकिरामायणाची शाखा आहे असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु गिटमधील शाखा सहसा पुन्हा मिसळण्याच्या अपेक्षेने काढली जाते, आणि तिचा जनक निश्चित असतो. रामकथेच्या भाषांभाषांतील रूपांना यांपैकी कोणतीही अट लागू पडत नाही. न मिसळण्याच्या निश्चयाने वेगळ्या झालेल्या प्रतीला संगणकव्यवसायात 'फोर्क' म्हणतात, आणि तेवढा शब्द येथे काहीसा उपयोगी पडतो. त्याहून अधिक अपेक्षा या परिभाषेकडून करू नये.

दोष शोधणे आणि हरताळ

'गिट ब्लेम' प्रत्येक ओळीसमोर ती शेवटी कोणी व केव्हा बदलली ते लिहिते. नाव अकारण खाष्ट आहे. 'शेवटी' या शब्दावर येथे जोर द्यावयास हवा : ज्याने केवळ विरामचिन्ह बदलले त्याच्या नावावर संपूर्ण ओळ जाते, आणि मूळ रचणारा शोधण्यासाठी मागे मागे जावे लागते. 'गिट बायसेक्ट' ही त्यामानाने फार देखणी आज्ञा आहे. अमुक नोंदीपर्यंत संहिता ठीक होती आणि आज ती बिघडलेली आहे, इतके सांगितले की ती मधली नोंद काढून देते. तेथे दोष आहे की नाही ते सांगितले की उरलेल्यातील मधली. हजार नोंदींतून दोषाचा उगम सुमारे दहा प्रश्नांत हाती लागतो. सामायिक दोषांवरून पोथ्यांचे कूळ ठरविण्याची लाखमान यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत दोषाकडून वंशावळीकडे जाते. येथे वंशावळ हाती असल्याने तिच्याकडून दोषाकडे जाता येते. 'गिट टॅग' एखाद्या नोंदीला कायमचे नाव देते, जसे 'पहिली आवृत्ती'. 'गिट स्टॅश' अपुरे काम क्षणभर बाजूला ठेवते.

झालेले रद्द करण्याचे दोन मार्ग आहेत, आणि त्यांतील भेद संहिताभ्यासकाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. 'गिट रिव्हर्ट' जुनी नोंद तशीच ठेवून तिच्या उलट परिणाम करणारी नवी नोंद पुढे जोडते. चूक राहते, दुरुस्तीही राहते. 'गिट रिसेट' शाखेची चिठ्ठीच मागच्या नोंदीवर नेऊन ठेवते. मधले सारे दृष्टिआड होते. पोथीतील चुकीच्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन ती झाकीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच आला. रिसेट म्हणजे हरताळ. 'गिट रिबेस' त्याही पुढे जाते : एका शाखेवरील नोंदी उचलून त्या जणू दुसऱ्याच जनकापासून निघाल्या आहेत अशा रीतीने पुन्हा रचते, आणि हवे तर दहा नोंदींची एक करून देते. संगणकव्यवसायात याचे समर्थन केले जाते. इतिहास वाचणाऱ्याला सरळ व सुबोध दिसावा, चाचपडण्याच्या खुणा त्यात नसाव्यात, हा त्यामागील विचार. आज्ञावलीपुरता तो मान्य करता येईल. साहित्यकृतीच्या बाबतीत मात्र चाचपडणे हाच अभ्यासविषय असतो. फ्रान्समध्ये विकसित झालेली जननिक समीक्षा लेखकाच्या खर्ड्यांतील नेमक्या त्याच खुणा वाचते. खर्डे स्वच्छ करून दिलेले भांडार तिच्या दृष्टीने एकनाथी प्रतीसारखे आहे : शुद्ध, दिनांकित, आणि पूर्वावस्थेविषयी मौन पाळणारे. संपादनाच्या आणि लेखनाच्या भांडारात म्हणून रिबेस टाळावे, मर्ज पत्करावे. आणि सामायिक भांडारावर बळाने 'पुश' करून इतरांच्या नोंदी पुसण्याची मुभा कोणालाच असू नये.

हरताळाखालचे अक्षर कधी कधी उजेडात धरल्यावर वाचता येते. गिटमध्येही तशी सोय आहे. 'गिट रिफ्लॉग' ही आज्ञा चिठ्ठ्या कोठून कोठे हलल्या याची यादी देते, आणि तिच्या आधारे रिसेट किंवा रिबेसने दृष्टिआड झालेली नोंद परत मिळविता येते. मात्र ही यादी ज्याच्या त्याच्या संगणकापुरती असते. क्लोन करणाऱ्याला ती मिळत नाही. तिच्यातील नोंदी सामान्यतः ९० दिवस टिकतात, आणि कोणत्याही शाखेतून पोहोचता न येणाऱ्या कमिटांच्या बाबतीत ही मुदत ३० दिवसांची आहे. त्यानंतर प्रणाली साफसफाई करते तेव्हा ते कमिटही जातात.